मागच्याच्याही मागचा

इंग्रजी काळांच्या घराण्यात एक जण असा आहे, की तो कधी एकटा येत नाही. ‘शी लेफ्ट’ म्हटले की वाक्य पुरे झाले. ती निघाली, विषय संपला. पण ‘शी हॅड लेफ्ट’ म्हणून तुम्ही थांबलात, तर ऐकणारा इंग्रज पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. ती निघून गेली होती, हे त्याला कळले. पण केव्हा गेलेली होती? कोण आले तेव्हा? काय घडायच्या आधी? ते कळेपर्यंत त्याच्या मनातले वाक्य उघडेच राहते. काकडीच्या वेलाला मांडव लागतो, तसा या काळाला भूतकाळातला दुसरा एक क्षण लागतो. तो मिळाला की हा त्याला धरून उभा राहतो आणि आणखी मागे बोट दाखवून सांगतो, की हे होण्यापूर्वी ते होऊन गेले होते.

शाळेत त्याला पास्ट परफेक्ट म्हणतात. मराठीतून शिकवणारे शिक्षक पूर्ण भूतकाळ म्हणतात. जुन्या व्याकरणांत तो प्लूपर्फेक्ट या लॅटिन वळणाच्या नावाने वावरत असे. लिंडली मरे या अमेरिकेतून इंग्लंडात येऊन यॉर्कजवळ स्थायिक झालेल्या वकिलाने १७९५ साली आपले इंग्रजी व्याकरण छापले. ते पुढे इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालले. त्याने क्रियापदाचे सहा काळ मानले, आणि त्या सहांत हा याच नावाने बसलेला आहे. आज ते नाव मागे पडले. त्याचे काम मात्र तेव्हा होते तेच आहे.

त्याचे रूप अगदी साधे आहे. आधी ‘हॅड’, मग क्रियापदाचे तिसरे रूप. मराठी मुलाला तर याचे रूप सोपेच वाटायला हवे, कारण आपले क्रियापद माणसागणिक वळते. तो गेला होता, ती गेली होती, ते गेले होते. त्यातही सकर्मक क्रियापद आले की ते कर्त्याला सोडून कर्माकडे वळते. तिने निबंध लिहिला होता, तिने चिठ्ठी लिहिली होती, तिने पत्र लिहिले होते. हा ‘हॅड’ कोणासाठीच बदलत नाही. मी असो, तू असो, ती असो, सगळा गाव असो, सर्वांना तो सारखाच. त्याच्या धाकट्या भावाला, वर्तमान पूर्णाला, ‘हॅव’ की ‘हॅज’ हे माणूस पाहून ठरवावे लागते. याला तेही नाही.

अवघड असते ते त्याच्या जोडीला येणारे तिसरे रूप. गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन, राइट-रोट-रिटन. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींनी हा घोष ऐकला आहे. कट-कट-कट, पुट-पुट-पुट ही मुलांची आवडती, कारण तिन्ही रूपे एकच. रीड-रेड-रेड मात्र फसवे. लिहायला तिन्ही सारखी, म्हणायला दोन वेगळी. हे पाठांतर टाळता येत नाही आणि टाळूही नये. पाढ्यांसारखे तेही जिभेवर बसावेच लागते. मात्र रूप आले म्हणजे माणूस कळला असे होत नाही.

त्याला ओळखताना दोन ठिकाणी थबकावे लागते. पहिले म्हणजे ‘हॅड’ दिसला की हाच आला, असे नसते. ‘शी हॅड अ सायकल’ यातला ‘हॅड’ नुसती मालकी सांगतो. तिच्यापाशी सायकल होती, एवढेच. आणि ‘शी हॅड हॅड अ सायकल’ असे दोन ‘हॅड’ शेजारी आले, तर ती छापखान्याची चूक नसते. त्यातला पहिला ‘हॅड’ आपल्या या काळाचा, दुसरा मालकीच्या क्रियापदाचे तिसरे रूप. दुसरे थबकण्याचे ठिकाण कानाचे आहे. बोलताना इंग्रज माणूस ‘हॅड’ पूर्ण उच्चारत नाही. त्याचा फक्त ‘ड’ उरतो, ‘शीड’, ‘आयड’, ‘देड’. ‘वुड’चेही आखडून असेच होते. मग ‘शीड गो’ आणि ‘शीड गॉन’ यांतला कोण कोणता, हे पुढच्या क्रियापदावरून कळते. मूळ रूप आले तर ‘वुड’, तिसरे आले तर आपला हा. इंग्रजी सिनेमा पाहताना किंवा बातम्या ऐकताना त्या एवढ्याशा ‘ड’कडे कान द्यायची सवय लागली, की हा गृहस्थ आपल्याला वाटतो त्यापेक्षा कितीतरी वेळा येऊन जातो, हे लक्षात येते.

त्याचा जन्मही पाहण्यासारखा आहे. जुन्या इंग्रजीत हे काम बऱ्याचदा साध्या भूतकाळावरच भागत असे. जोडीला ‘आधी’ अशा अर्थाचे एक अव्यय ठेवले की झाले. त्याच सुमारास मालकीच्या क्रियापदातून एक नवी रचना वाढत होती. ‘माझ्यापाशी पत्र आहे, लिहिलेले’ अशा धाटणीच्या वाक्यातले ‘लिहिलेले’ हळूहळू पत्राला सोडून क्रियापदाला चिकटले आणि ‘मी पत्र लिहिले आहे’ असा अर्थ तयार झाला. वर्तमानात ‘हॅव’, भूतात ‘हॅड’. म्हणजे हा काळ मुळात हातात असलेल्या वस्तूतून निघाला. आजही त्याच्या बोलण्यात तो भाव जाणवतो. जे घडून गेले ते सुटलेले नाही, त्या पुढच्या क्षणी माणूस ते हाती धरून उभा आहे.

आपल्याकडे मुलांची आणि त्याची गाठ पडते ती मुख्यतः व्याकरणाच्या तासाला. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आले. त्याआधीच्या पिढ्यांना ते पाचवीत भेटे. पण हा काळ तेव्हाही आणि आताही खऱ्या अर्थाने समोर येतो तो माध्यमिक शाळेत, आणि येतो एका ठरलेल्या वाक्यातून. ‘द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.’ डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता. मराठीच काय, भारतातल्या कुठल्याही भाषेत शिकलेल्या माणसाला हे वाक्य विचारा, तो अर्धे म्हणून दाखवील. त्याच्या मागोमाग स्टेशनवर पोचण्यापूर्वी सुटलेली गाडी येते. मग ‘डू ॲज डायरेक्टेड’खाली दोन सुटी वाक्ये, आणि ती ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ने जोडण्याची सूचना.

या वाक्यांनी रूप पक्के होते, हा त्यांचा गुण. पण ज्या वाक्यात ‘बिफोर’ आहे, तिथे या काळाची गरज सर्वांत कमी असते. कोण आधी आणि कोण नंतर, हे ‘बिफोर’ स्वतःच सांगून टाकतो. ‘द पेशंट डाइड बिफोर द डॉक्टर केम’ म्हटले तरी इंग्रज वाचकाला तेच कळते आणि ते वाक्य शुद्धही असते. ज्या घरात त्याच्यावाचून काही अडत नाही, नेमके तिथे आपण मुलाला त्याची ओळख करून देतो. मग मुलाला तो नियमाची सक्ती वाटतो, ‘बिफोर आला की एकीकडे हॅड लावायचा’ एवढेच त्याच्या हाती राहते. वर्षभर वही भरते, आणि पुढे स्वतःचे चार ओळींचे पत्र लिहिताना तो सुचत नाही.

त्याची खरी गरज पाहायची तर ‘बिफोर’ काढून ‘व्हेन’ ठेवून पाहावे. ‘व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट डाइड.’ आता डॉक्टर आला आणि रोगी गेला. जणू डॉक्टरच्या येण्याशी त्याच्या मरणाचा संबंध आहे. ‘व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट हॅड डाइड.’ आता डॉक्टरला कुणी बोल लावू शकत नाही. एका ‘हॅड’ने एका माणसाची निर्दोषता सिद्ध केली. ‘व्हेन आय अराइव्ह्ड, शी लेफ्ट’ म्हटले तर ती मला पाहून उठून गेली. ‘शी हॅड लेफ्ट’ म्हटले तर तिने मला पाहिलेही नाही. पहिल्यात रुसवा असू शकतो, दुसऱ्यात फक्त चुकामूक. दोन माणसांमधला अख्खा संबंध या एका सहायक क्रियापदावर उलटतो. मुलांना ही दोन वाक्ये शेजारी ठेवून दाखवली आणि ‘आता सांगा, भांडण कुठे आहे?’ एवढेच विचारले, तर वर्गातला शेवटच्या बाकावरचाही हात वर करतो.

या काळाचा स्वभाव फार नेमका ओळखला तो एका तर्कशास्त्रज्ञाने. हान्स रायखेनबाख हा जर्मन तत्त्वज्ञ. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली त्याला देश सोडावा लागला. आधी इस्तंबूल आणि १९३८मध्ये लॉस एंजेलिस असा त्याचा प्रवास झाला. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात त्याने क्रियापदांच्या काळांना काही पाने दिली. त्याचे म्हणणे असे, की काळ समजायला दोन वेळा पुरत नाहीत. बोलण्याची वेळ आणि घटनेची वेळ यांच्या जोडीला तिसरी एक वेळ धरावी लागते. आपण जिथे उभे राहून घटनेकडे पाहतो ती वेळ. साध्या भूतकाळात घटना आणि ही पाहण्याची जागा एकच असतात, म्हणून तिसरी वेळ डोळ्यांत भरत नाही. पास्ट परफेक्टमध्ये तिन्ही सुट्या होतात. सर्वांत मागे घटना, तिच्या पुढे पाहण्याची जागा, आणि त्याही पुढे आज बोलणारा माणूस. म्हणून तर रायखेनबाखने आपले म्हणणे मांडताना सुरुवात याच काळाच्या वाक्यापासून केली. जो नेहमी दुसऱ्याला धरून उभा राहतो, त्याच्याकडे पाहूनच सगळ्या घराण्याची मांडणी समजली.

ही पाहण्याची जागा वाक्यात कधी असते, कधी नसते. बऱ्याचदा ती आधीच्या परिच्छेदात असते. म्हणून मला ठामपणे वाटते, की हा काळ वाक्याचा नाही, गोष्टीचा आहे. सुट्या वाक्यात त्याला शिकवणे म्हणजे मांडवाशिवाय वेल वाढवणे.

याची साक्ष त्याच माणसाकडून मिळते, ज्याच्या पुस्तकातून भारतातल्या लाखो मुलांनी हा काळ घोकला. ‘रेन अँड मार्टिन’मधला पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता. त्याचे आणि मार्टिनचे व्याकरण १९३०च्या दशकात मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशकाने काढले आणि नव्वद वर्षे होत आली तरी ते दुकानांत मिळते. हाच रेन कादंबरीकारही होता. १९२४ साली आलेल्या त्याच्या ‘बो जेस्ट’ या कादंबरीने त्याला जगभर नाव दिले. तिची सुरुवात पाहा. वाळवंटातल्या एका किल्ल्याच्या मदतीला फ्रेंच तुकडी पोचते. तटावरच्या प्रत्येक झरोक्यात शिपाई बंदूक रोखून उभा दिसतो, पण हाकेला ओ येत नाही. एकेक शिपाई मेलेला आहे आणि कुणीतरी त्यांना जागच्या जागी टेकवून उभे केले आहे. मग कादंबरी मागे जाते आणि तिथे काय होऊन गेले होते, ते सांगते. हे पास्ट परफेक्टच आहे, पुस्तकाएवढे वाढलेले. किल्ल्यात शिरण्याचा क्षण ही पाहण्याची जागा, आणि त्याच्या मागे घडून गेलेले सारे. व्याकरणकार रेनने या काळाला नियमांत आणि सुट्या वाक्यांत बसवले. कादंबरीकार रेनला मात्र तो कशासाठी असतो हे पुरते ठाऊक होते.

खऱ्या इतिहासातही या काळाने सांगितलेल्या गोष्टी अंगावर काटा आणतात. १४ एप्रिल १९१२ची रात्र. टायटॅनिक अटलांटिकमध्ये रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी हिमनगावर आदळली. कॅलिफोर्नियन नावाचे जहाज त्या भागात बर्फामुळे थांबून राहिले होते. त्यावरचा बिनतारी यंत्र चालवणारा सिरिल इव्हान्स दिवसभराच्या कामाने थकलेला होता. टक्कर होण्याच्या थोडा वेळ आधी त्याने यंत्र बंद केले आणि तो झोपायला गेला. ‘व्हेन द टायटॅनिक स्ट्रक द आइसबर्ग, इव्हान्स हॅड गॉन टू बेड.’ कार्पेथिया हे दुसरे जहाज त्यापेक्षा कितीतरी लांब, सुमारे ५८ मैलांवर होते. त्यावरचा हॅरल्ड कॉटमही निजायच्या तयारीत होता, पण एका उत्तराची वाट पाहत त्याने कानावरचे हेडफोन अजून उतरवले नव्हते. ‘कॉटम हॅड नॉट गॉन टू बेड.’ त्याला हाक ऐकू आली. कार्पेथियाने दिशा बदलली, पहाटे चारच्या सुमारास ती पोचली आणि सातशेच्या वर माणसे वाचली. सुमारे दीड हजार बुडाली.

या दोन वाक्यांत फरक फक्त एका ‘नॉट’चा आहे. साध्या भूतकाळात तीच माहिती सांगितली तर ती नोंदवहीतली नोंद होते. इव्हान्स झोपला, कॉटम जागा राहिला. ‘हॅड’ आला की टकरीच्या क्षणावर उभे राहून आपण मागे पाहतो, आणि त्या थोडक्या मिनिटांचे वजन कळते. त्या दुर्घटनेनंतर १९१४ साली लंडनमध्ये सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि मोठ्या जहाजांवर यंत्रापाशी सतत कोणीतरी जागे असण्याची तरतूद आली. काय होऊन गेले होते हे नेमके सांगता आले, म्हणूनच पुढे काय व्हायला हवे ते ठरवता आले.

मराठी माणसाची या काळाशी एक खास अडचण आहे, आणि ती आपल्या भाषेच्या श्रीमंतीतून येते. आपल्याकडे ‘होता’ आहे. ‘आम्ही पोचलो तेव्हा गाडी गेली होती’ यात तो ‘हॅड’चेच काम करतो. पण आपला ‘होता’ आणखीही एक काम करतो, जे ‘हॅड’ करत नाही. ‘काल मी बाजारात गेलो होतो.’ इथे दुसरी कुठलीच घटना नाही. मी गेलो, काम आटोपून परत आलो, ती गोष्ट आता मागे पडली, एवढेच सांगायचे आहे. ‘शाळेत असताना मी नाटकात काम केले होते’ यातही ‘होते’ घटनेला आजपासून दूर नेते. हिंदी बोलणाऱ्यांचेही असेच आहे. म्हणून आपल्या तोंडून सहज ‘आय हॅड गॉन टू द मार्केट यस्टरडे’ असे निघते. आपल्याला ते पुरे वाटते. इंग्रजाला ते अर्धे वाटते, कारण तो ‘तेव्हा काय झाले?’ याची वाट पाहत असतो. तिथे त्याला हवे असते नुसते ‘वेंट’.

यावर उपाय मराठीतच आहे. आपल्यापाशी ‘तोवर’ हा फार कामाचा शब्द आहे. आपले मराठी वाक्य घ्यावे आणि त्यात ‘तोवर’ किंवा ‘त्याआधीच’ बसतो का ते पाहावे. ‘आम्ही स्टँडवर पोचलो, तोवर एसटी सुटली होती.’ बसला. इंग्रजीत ‘हॅड’ हवा. ‘काल मी तोवर बाजारात गेलो होतो’ असे म्हणून पाहा. कशाच्या तोवर? बसत नाही. इंग्रजीत साधा भूतकाळ. आईच्या मांडीवर शिकलेला शब्द परक्या भाषेतला काळ निवडायला मदत करतो, यासारखी भाषा शिकण्याची भक्कम वाट दुसरी नाही. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारायचा नाही, असा दंडक जिथे असेल तिथे मुलांचे मोठे नुकसान होते, असे मला वाटते.

या काळाला आणखी एक चेहरा आहे, आणि तो हळवा आहे. ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.’ मला कळले असते तर मी आलो असतो. इथे मराठी ‘होता’ सोडून ‘असता’कडे वळते, इंग्रजी तोच ‘हॅड’ घेऊन येते. पण आता तो घडून गेलेले सांगत नाही. न घडलेले सांगतो. ‘आय विश आय हॅड आस्क्ड हर.’ तिला विचारले असते तर बरे झाले असते. इथेही तो एकटा नसतोच. तो ज्याला धरून उभा असतो तो क्षण म्हणजे प्रत्यक्षात झालेली गोष्ट. मला कळले नाही, मी विचारले नाही. ती गोष्ट न बोलताही वाक्यात हजर असते. हळहळ व्यक्त करायला एवढी थोडकी सामग्री इंग्रजीत दुसरी क्वचितच सापडेल. आणि हे वाक्य शिकवताना उदाहरण मात्र बहुधा अभ्यास आणि नापास होण्याचे असते. मुलांच्या मनात त्याहून खऱ्या हळहळी असतात. आजीला भेटायला गेलो असतो तर, मित्राला सॉरी म्हटले असते तर. त्या लिहू द्याव्यात. रूप आपोआप नीट बसते.

आणि त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे संयम. चांगल्या इंग्रजी कथेत लेखक मागची हकिगत सांगायला लागला, की पहिल्या एक-दोन वाक्यांत ‘हॅड’ येतो, आपल्याला मागच्या काळात नेऊन सोडतो, आणि मग बाजूला होतो. पुढची हकिगत साध्या भूतकाळातच चालते. परत वर्तमान प्रसंगाकडे यायच्या वेळी एखादा ‘हॅड’ पुन्हा येतो. प्रत्येक क्रियापदाला ‘हॅड’ लावलेले पान वाचवत नाही. शिकणाऱ्याने हे आवर्जून पाहावे. एखादी इंग्रजी कथा घ्यावी, त्यातले ‘हॅड’ पेन्सिलने खुणावावेत आणि तो कुठे आला यापेक्षा कुठे थांबला, ते पाहावे.

मग सराव करायचा कसा? मी तरी गोष्टीपासून सुरुवात करीन. रोगी आणि डॉक्टरचे ते जुने वाक्यही टाकून द्यायचे कारण नाही, ते उघडावे. डॉक्टर दारात उभा आहे, इथे पाहण्याची जागा ठरली. आता मुलांना विचारावे: निरोप कोणी नेला होता? डॉक्टर घरून केव्हा निघाला होता? ओढ्याला पूर आला होता का? घरच्यांनी आधी कोणते औषध दिले होते? प्रत्येक उत्तरात ‘हॅड’ लागतोच, आणि आता तो नियम म्हणून येत नाही, गोष्टीची गरज म्हणून येतो. पाच-सहा उत्तरांत एका खेड्यातली एक रात्र उभी राहते, आणि ती मुलांनी स्वतः इंग्रजीत उभी केलेली असते.

दुसरा सराव खुणांचा. शाळेतून घरी आलात. ओट्यावर दूध सांडलेले आहे, मोरीत ओली छत्री आहे, देवापाशी विझलेली उदबत्ती आहे. काय झाले होते? ‘द मिल्क हॅड बॉइल्ड ओव्हर. बाबा हॅड कम होम. आजी हॅड फिनिश्ड हर पूजा.’ घटना कोणी पाहिलेली नाही, तिच्या मागे उरलेल्या खुणा तेवढ्या समोर आहेत. घटना सांगायची ती खुणांवरून. या काळाचे जन्मजात काम हेच.

तिसरा सराव इतिहासाचा. पेशवे नानासाहेब उत्तरेकडे मदतीला निघाले होते. वाटेत दोन मोती आणि सत्तावीस मोहरांच्या सांकेतिक भाषेतले ते सावकारी पत्र त्यांच्या हाती पडले. तोवर १४ जानेवारी १७६१चा पानिपतच्या लढाईचा दिवस होऊन गेला होता. ‘व्हेन द पेशवा रेड द लेटर, द बॅटल हॅड ऑलरेडी बीन लॉस्ट.’ त्याच्यापुढे भाऊसाहेबांचे, विश्वासरावांचे काय झाले होते, अशी वाक्ये रचत जावीत. महाराष्ट्रातल्या मुलाला ही गोष्ट ठाऊक असते, म्हणून त्याचे सारे लक्ष काळाच्या जोडणीवर राहते. नंतर तीच हकिगत सुरुवातीपासून ओळीने सांगायला लावावी. सैन्य निघाले, यमुनेला पूर आला, वेढा पडला, लढाई झाली, पत्र आले. या सांगण्यात एकही ‘हॅड’ लागत नाही. घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने सांगितल्या, की हा काळ विश्रांती घेतो; क्रम मोडून मागे वळलो, की तो हजर होतो. हे दोन्ही एकाच बैठकीत करून पाहिलेल्या मुलाला पुन्हा नियम सांगावा लागत नाही.

परीक्षेत या काळाला एक-दोन गुण असतात, आणि तेवढ्यासाठी त्याची ओळख करून घ्यायची तर ‘हॅड अधिक तिसरे रूप’ एवढे पुरते. पण आपली मुले उद्या या भाषेत काम करणार आहेत. कोणी रुग्णाचा पूर्वेतिहास लिहील, कोणी अपघाताचा अहवाल, कोणी न्यायालयात साक्ष देईल, कोणी परदेशातल्या सहकाऱ्याला यंत्र का बंद पडले ते कळवील. या प्रत्येक ठिकाणी काय घडले याइतकेच कशाच्या आधी काय घडून गेले होते, हे महत्त्वाचे असते. औषध दिल्यावर पुरळ उठले, की पुरळ आधीच उठले होते? ब्रेक दाबला तेव्हा माणूस समोर आला, की तो आधीच आला होता? दोष कोणाचा, कारण कोणते, पुढे काय टाळायचे, याचा निवाडा या क्रमावर होतो. तो क्रम परक्या भाषेत न चुकता मांडता येणे ही जबाबदारीची गोष्ट आहे. म्हणून याला गाळलेल्या जागांमधून बाहेर काढावे, मुलांच्या हातात गोष्ट द्यावी आणि गोष्ट अर्ध्यावर आली, की विचारावे, ‘तोवर काय काय होऊन गेले होते?’